पाण्याची ओटी

“अक्का, पावडरीचा वास येईल, खिडकी लावून घ्या जरा. ओटी घ्यायची हाय,” असं पांढऱ्या दाढीचा एक अनोळखी माणूस खिडकीशी येऊन म्हणाला, तेव्हा मी त्याला काठी दाखवली होती.

माझा नवरा जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. देवळाली प्रवऱ्याचं घर आणि ऊस धाकट्या दिराच्या हवाली करून माझा मुलगा दत्ता मला सुप्याला घेऊन आला. “महिनाभर राहा,” म्हणाला. सुप्याच्या एमआयडीसीत त्याचा कारखाना आहे. बंगला तिथून बराच आत, माळावर. चारी बाजूंनी माणसापेक्षा उंच भिंत आणि पुढे लोखंडी फाटक. हे फाटक दत्ताच्या आणि सूनबाईच्या मोबाईलवर उघडतं. माझा मोबाईल साधा आहे. आवाराच्या मधोमध निळ्या फरशीचा पोहायचा तलाव, आणि तळमजल्यावरच्या माझ्या खोलीची खिडकी बरोबर त्या तलावावर. त्या महिन्याला आता आठ वर्षं झाली.

“विधवेची ओटी घेतोस? लाज न्हाई वाटत?” मी विचारलं.

“तुमची न्हाई हो अक्का, पाण्याची.”

हे नजीरभाई. तलावाचं पाणी बघायचे. पंपाच्या शेजारी त्यांची खोली होती. माझा गैरसमज दूर करायला त्यांनी बोटाएवढी एक काचेची नळी तलावात बुडवून भरली, तिच्यात बाटलीतले पाच थेंब टाकले आणि नळी हलवून खिडकीच्या गजांसमोर धरली. पाणी पिवळं झालं होतं.

“ही ओटी टेस्ट. त्या औषधाचं नाव लई लांब हाय, पंचायतीत सगळे ओटीच म्हणायचे. पिवळं झालं म्हंजी पाण्यात क्लोरीन हाय. पांढरं राहिलं म्हंजी पाणी उघडं हाय.”

“आन् ती दुसरी?”

दुसऱ्या नळीत दुसऱ्या बाटलीतले थेंब होते, आणि ते पाणी लाल झालं होतं.

“ही पाण्याचा स्वभाव सांगती. लई लाल झाली तर थोडं ॲसिड, फिक्की पडली तर सोडा. माणसासारखंच हाय, मधी बरं.”

एका हातात पिवळी नळी, एका हातात लाल. “हळदीकुंकूच की,” मी म्हणाले.

“तुमी हळदीकुंकू म्हणा. आमी ओटी म्हणतो.”

मला हळदीकुंकवाला बोलवायचं लोकांनी नुकतंच बंद केलं होतं. मला त्याची हौस नव्हती. खाली बसून गुडघे दुखतात आणि हातात चमचाभर साखर पडते. पण दिवसातून दोनदा एक मुसलमान माणूस पिवळी आणि लाल नळी घेऊन खिडकीसमोर उभा राहतो, याची मला गंमत वाटली. सूनबाईला सांगितलं, तर ती हसली नाही.

नजीरभाई पूर्वी जवळच्याच एका गावात ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे होते. तीस वर्षं गावच्या टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकली. त्या पावडरीने त्यांच्या एकाही कपड्याला रंग ठेवला नव्हता. शर्टावर पांढरे डाग, लुंगीला बारीक भोकं. नाकाचा वासही गेला होता. माझ्या खोलीत दूध करपलं तरी त्यांना खिडकीत उभं राहून कळायचं नाही. निवृत्त झाले तेव्हा पंचायतीची खोली सुटली. बायको आधीच गेली होती. एक मुलगी नगरला, दोन खोल्यांच्या घरात. तिच्याकडे का जात नाही, असं मी विचारलं होतं.

“जावयाच्या घरी सासरा म्हंजी पावसाळ्यातली चप्पल,” ते म्हणाले. “आत ठेवली तर घाण, भाईर ठेवली तर भिजती.”

म्हणून ही पंपाशेजारची खोली म्हणजे त्यांचं सगळं घर. एक खाट, एक स्टोव्ह, नमाजाची चटई. पावडरीचा डबा खोलीच्या एका कोपऱ्यात, आणि ॲसिडचा कॅन बाहेर पत्र्याखाली. दोन्ही एका छपराखाली ठेवायचे नाहीत. “सवती हायत. एका घरात आल्या की श्वास घेऊ देत न्हाईत.” पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी कधी ओतायचं नाही. हे सगळं ते मला सांगायचे, जणू मला कुठे नोकरी लागणार होती.

त्यांचा एक शब्द होता, ‘अर्धा तास’. पावडर टाकल्यावर पाण्याला अर्धा तास द्यावा लागतो, त्याआधी ओटी घेतली तर ती खरी येत नाही. हा नियम त्यांनी सगळ्यालाच लावून टाकला होता. मी सूनबाईवर चिडले की म्हणायचे, “अर्धा तास थांबा, मग बोला.” चहा कडक झाला का विचारलं की, “अर्ध्या तासानं सांगतो.” मला राग यायचा. मी म्हणायचे, “तुमाला मरायला बोलावलं तरी अर्धा तास मागाल.”

“मागणार की. द्यायचा का न्हाई ते त्यानं बघावं.”

पंचायतीत असताना एकदा सरपंचाच्या भावाच्या घरी जेवणावळ होती. पावडरीने चहाला वास येतो, आजच्या दिवस पावडर टाकू नको आणि लगेच पाणी सोड, असा निरोप आला. नजीरभाईंनी पावडर टाकली आणि व्हॉल्वच्या चाकावर जाऊन बसले. चार माणसं आली, शिव्या देऊन गेली. अर्धा तास झाल्यावर उठले, ओटी घेतली, पाणी सोडलं. “मग काय झालं?” मी विचारलं. “काय न्हाई. चहाला वास आला,” ते म्हणाले.

दर गुरुवारी टँकर यायचा. तलावाचं पाणी उन्हाने उडतं, ते भरून काढायला. बाहेर बायका हंडे घेऊन टँकरमागे फिरतात आणि आमच्याकडे टँकर पोहायच्या तलावात रिकामा होतो. हे मी दत्ताला एकदा बोलून दाखवलं, तो म्हणाला, “अक्का, ते पिण्याचं पाणी नाही.” टँकरचा पाइप आत घ्यायला फाटकाच्या कडेला एक दिंडी दरवाजा होता आणि त्याची किल्ली नजीरभाईंच्या कमरेला. टँकर रिकामा होईपर्यंत दिंडी उघडी राहायची. तेवढा वेळ मी बाहेरच्या दगडावर जाऊन बसायची. समोर माळ, लांब हायवे, येणारीजाणारी एसटी. बघण्यासारखं काही नव्हतं. तरी बघायची. ते मला कधी “चला आत” म्हणाले नाहीत. टँकर गेल्यावरही पाइप गुंडाळायला उगाच वेळ लावायचे.

मी पुढे जे केलं ते या दिंडीसाठी केलं. दयेने केलं असं कुणी समजू नये.

दोन-अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी नळी खिडकीसमोर धरली आणि म्हणाले, “बघा, भरपूर हाय.”

नळीतलं पाणी पांढरं होतं, अगदी माझ्या पितळी तांब्यातल्या पाण्यासारखं.

“नजीरभाई, पिवळं कुठंय त्यात?”

त्यांनी नळी डोळ्याजवळ नेली, लांब धरली, उन्हात धरली. मग पंपाच्या खोलीत जाऊन बसले. अर्ध्या तासाने आले.

“अक्का, मला सगळंच पिवळं दिसतं,” ते म्हणाले. “भिंत पिवळी, चटई पिवळी. डोळ्यावर पडदा आलाय. दोन्ही डोळ्यांवर.”

“मोतीबिंदू. त्यात काय एवढं? कापून घ्या.”

“महिनाभर वाकायचं न्हाई, पावडरीजवळ जायचं न्हाई. साहेब महिनाभर थांबतील? पुण्याचा तो एजन्सीवाला दोनदा येऊन गेलाय. मशीन लावतो म्हणला, आठवड्यातून एकदा माणूस येईल. त्या माणसाला खोली लागत न्हाई.” मग म्हणाले, “डोळे गेले तरी चालतंय. खोली गेली की मी कुठं जाऊ?”

मीही हिशोब केला. मशीनला दिंडीची किल्ली लागत नाही.

मी म्हणाले, “रंग मी सांगते.”

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ नळ्या माझ्या खिडकीशी यायला लागल्या. फिकं, गडद असं सांगून त्यांना नीट समजेना, म्हणून मी स्वयंपाकघरातली मापं काढली. काहीच रंग नसला तर ‘ताकाचं पाणी’. बरोबर असला तर ‘वरण’. जास्त झाला तर ‘भजी’. फारच झाला तर ‘नवरी’. नवरी म्हटलं की ते दोन दिवस तलावात कुणाला उतरू द्यायचे नाहीत, पंप बिघडला म्हणून सांगायचे. पहिल्या आठवड्यात आमचा घोळ झाला होता. मी वरण म्हणाले आणि त्यांनी रोजची पावडरही टाकली नाही, कारण त्यांच्या घरच्या वरणात हळद दुप्पट असायची. मग मी त्यांना आमचं वरण वाटीत घालून दाखवलं. त्यांनी ते नाकाशी धरलं, वास येत नव्हता, मग पिऊन टाकलं. “हे वरण? बिचारं आजारी दिसतंय,” म्हणाले.

चालायचे मात्र असे की कुणाला संशय येऊ नये. तलावाच्या कडेने ते पावलं मोजत जातात, हे ध्यानात यायला मलाही बरेच दिवस लागले. पंपापासून माझ्या खिडकीपर्यंत बावीस. ओठ हलायचे. सूनबाईला वाटायचं, जप करतात.

असं दोन वर्षं चाललं, आणि मग मे महिन्यात माझी नात नेहा हिचं लग्न निघालं.

हळद बंगल्यावर, तलावाच्या काठी. हल्ली असं करतात. झेंडूच्या माळा, पिवळ्या छत्र्या, मोठा आवाजाचा डीजे. आदल्या दिवशी फोटोवाल्याने नजीरभाईंना सांगितलं, “काका, उद्या तुमी खोलीतच बसा, फोटोत मागं येता.” मला सूनबाई म्हणाली, “अक्का, ऊन फार आहे, तुम्ही आत बसा.” ऊन होतंच. पण ऊन नसतं तरी मी आतच बसले असते, हे तिला माहीत होतं आणि मलाही. डीजेच्या आवाजाने कान फुटायला लागले म्हणून मी खिडकी लावली, पडदा ओढला आणि झोपून गेले.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर नजीरभाई नळी घेऊन आले. पायऱ्यांवर हळद सांडलेली होती, ती कामवाली बाई धूत होती.

“कुणी पाण्यात उतरलं हुतं का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई,” मी म्हणाले.

मी पाहिलेलं नव्हतं. झोपले होते. तरी ठाम सांगितलं. माहीत नसलेली गोष्ट ठाम सांगायची, ही माझी जुनी खोड आहे.

मी नळीकडे पाहिलं. छान पिवळं. “वरण,” मी म्हणाले. त्यांनी रोजची थोडी पावडर टाकली आणि जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी नगरला लग्न. रात्री परत आलो, पाणी मला जरा गढूळ वाटलं, पण नळी पुन्हा पिवळी होती. “वरण,” मी पुन्हा म्हणाले.

झालं होतं असं, की हळद लावून झाल्यावर नेहाच्या सगळ्या मैत्रिणी आणि नवऱ्याकडची पोरं अंगावरच्या हळदीसकट तलावात उड्या मारून दोन तास नाचली होती. उरलेल्या हळदीचं पातेलंही कुणीतरी पाण्यात उपडं केलं होतं. माझ्या नळीतलं पिवळं ते हळदीचं होतं.

त्या रात्री आमच्याबरोबर व्याह्यांकडची काही मंडळीही मुक्कामाला आली होती. त्यांची चार पोरं तिसऱ्या दिवशी सकाळी सहालाच तलावात उतरली, आम्ही उठायच्या आधी. आठ वाजता ऊन वर आलं तेव्हा पाणी शेवाळासारखं हिरवट दिसत होतं. त्याच दिवशी रात्री पोरांचे डोळे लाल झाले, अंगावर पुरळ उठलं, एकाचा कान ठणकायला लागला. दवाखान्यात न्यावं लागलं. व्याह्यांचा फोन आला. लग्नाला एकच दिवस झालेला आणि नेहा तिथे नवी सून.

सकाळी दत्ताने नजीरभाईंना ओसरीवर बोलावलं. मीही काठी टेकत गेले.

“नजीरभाई, टेस्ट घेतली होती का?”

“घेतली हुती साहेब. दोन्ही दिवस.”

“मग असं कसं झालं?”

“माझी चूक.”

एवढंच. माझं नाव नाही, हळदीचं नाव नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी मी त्यांना धड दिसले नसते.

मी उभी होते. गप्प बसले तर ते निष्काळजी ठरणार आणि जाणार. बोलले तर आंधळे ठरणार आणि जाणार. दोन्हीकडून खोली जात होती. अर्धा तास थांबून विचार करायला हवा होता. मी थांबले नाही.

“दत्ता, त्यांना दिसत न्हाई. दोन वर्षं रंग मी सांगते. पिवळं हाय असं मीच सांगितलं. चूक माझी हाय.”

मला वाटलं, आईची चूक म्हटल्यावर तो सोडून देईल. दत्ता वाईट नाही. तो ओरडलाही नाही. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “म्हणजे दोन वर्षं या घरातली माणसं कुणाच्या भरवशावर पोहत होती?” मग म्हणाला, “नजीरभाई, आधी डोळ्यांचं करून घ्या. गाडी देतो, नगरला सोडवतो. मग बघू.”

‘मग बघू’ म्हणजे काय, ते मला कळत होतं. मला ‘महिनाभर राहा’ म्हणणारा हाच.

बाहेर आल्यावर मी नजीरभाईंना विचारलं, “पिवळं तर हुतं. मग पाणी उघडं कसं?”

“क्लोरीन हळद खातं, अक्का. पाण्यात क्लोरीन असतं तर हळद उडाली असती. हळद दिसली म्हंजी क्लोरीन संपलं हुतं.” मग म्हणाले, “मी विचारलं हुतं, कुणी उतरलं का.”

एवढाच त्यांनी मला बोल लावला. मला तो पुरला.

दुपारी गाडी आली. त्यांची एक पत्र्याची पेटी आणि चटई. ड्रायव्हर म्हणाला, “चला काका.” नजीरभाई म्हणाले, “अर्धा तास.” बादलीत पावडर कालवली, तलावाच्या चारी कडांनी फिरून टाकली, पंप चालू केला आणि पेटीवर बसून राहिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. अर्धा तास झाल्यावर नळी भरून माझ्या खिडकीशी आले.

“आता कशाला?” मी म्हणाले.

“पाणी उघडं टाकून जायचं न्हाई. सांगा.”

“भजी.”

“हिरव्या पाण्याला आज भजीच पाहिजे,” असं म्हणून त्यांनी नळी उपडी केली. जाताना दिंडीची किल्ली कमरेची सोडून ओसरीच्या खिळ्याला अडकवली. ती पुढे सूनबाईने कपाटात ठेवली. आता त्यांच्या खोलीत मशीन आहे. रात्रंदिवस घुं घुं करतं. आठवड्यातून एकदा माणूस येतो, टँकर आला की दिंडीही तोच उघडतो आणि पाइप आत आला की लगेच लोटून घेतो. दगडावर बसायचं बंद झालं.

त्यानंतर नजीरभाई मला एकदाच दिसले. दिवाळी होऊन गेली होती. घरात मी एकटीच. फाटकावर कुणीतरी कडी वाजवत होतं. काठी टेकत गेले, तर काळा चष्मा लावून नजीरभाई उभे. फाटकाला खाली पत्रा आणि वर गज आहेत. गजांतून आम्ही बोललो.

“उघडता येतंय का?” त्यांनी विचारलं.

“त्यांच्या मोबाईलवर हाय.”

“आन् दिंडी?”

“किल्ली कपाटात. कपाटाला कुलूप.”

त्यांनी चष्मा काढला. मला खालीवर बघितलं. “अक्का, तुमचं लुगडं निळं हाय?”

“आठ वर्षं निळीच नेसते.”

“मला हिरवं वाटायचं.” आणि मग हसले. “तुमी लई म्हाताऱ्या झाल्यात.”

“तेव्हाही हुते. तुमाला दिसत नव्हतं.” मी विचारलं, “जावयाच्या घरी चप्पल कुठं ठेवतात?”

“सध्या आत हाय. पाऊस लागल्यावर बघू.”

मग त्यांनी माझ्या खांद्यावरून तलावाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो तलाव खऱ्या रंगात त्यांनी बऱ्याच वर्षांनी पाहिला असेल.

“ओटी कोन घेतं आता?”

“मशीन.”

“मशीनची कोन घेतं?”

त्यांनी पिशवीतून त्या दोन नळ्या आणि दोन बाटल्या काढल्या. पंचायतीपासूनच्या त्यांच्या स्वतःच्या. “माझ्या काय कामाच्या? तुमाला येतंय.” आणि गजांतून हात आत घातला. माझ्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने गज धरलेला, नाहीतर मी पडले असते. काठी फाटकाला टेकून उभी केली आणि पदर पुढे धरला. त्यांनी एकेक करून नळ्या आणि बाटल्या त्यात टाकल्या.

मी पदराचं टोक कमरेला खोचलं.

“बरं, येतो,” ते म्हणाले आणि वळले. हायवेकडे सरळ चालत गेले. ओठ हलत नव्हते, पावलं मोजत नव्हते.

मग त्यांची पावलं मी मोजली. एकतिसाव्या पावलाला आमची भिंत आडवी आली आणि ते दिसेनासे झाले.